पेटी वाजवतानाच करंगळी मुडपते : फोकल डिस्टोनियावर उपचार घेतलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,
वडिलांसाठी विचारतेय. बाबा ५८ वर्षांचे, आम्ही मिरजेत राहतो. नाट्यसंगीत, भजन, ख्याल, सगळ्याला ते पेटीची साथ करतात. गेल्या वर्षापासून द्रुत तानेत, त्यातही अवरोहात, उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप तळव्याकडे वळतात. दुखत अजिबात नाही. सही करणं, शर्टाची बटणं लावणं, मोबाइल वापरणं सगळं पूर्वीसारखं. पट्ट्यांवर हात ठेवला की सुरू.

कुणी नस दबली म्हणालं, कुणी मालिश सुचवली. बहुतेकांनी मात्र रियाज वाढवायला सांगितलं आणि बाबांनी तो वाढवला. त्याने बोटं जास्तच आखडायला लागली. मानेचा एमआरआय आणि हाताच्या नसांची तपासणी दोन्ही नॉर्मल आले. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी फोकल डिस्टोनिया असं निदान केलं. दोष हाताच्या स्नायूत नाही, मेंदूतून बोटांना जाणाऱ्या आज्ञांमध्ये आहे, असं त्यांनी समजावलं. वाजवणाऱ्यांपैकी साधारण शंभरात एकाला हा त्रास होतो म्हणे, मग आपल्याकडे त्याबद्दल कुणीच का बोलत नाही? लिऑन फ्लायशर या पियानोवादकाचा उजवा हात १९६०च्या दशकात असाच गेला होता. ते कित्येक वर्षं फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले आणि बोटॉक्सच्या (आखडलेला स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनच्या) मदतीने १९९०च्या दशकात पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. हे वाचून बाबांना जरा उभारी आली आहे.

आमच्यापुढेही बोटॉक्सचाच पर्याय आहे. इंजेक्शन कोपराखालच्या स्नायूत देतात, असर साधारण तीन महिने टिकतो. भीती एवढीच, की शेजारचं चांगलं बोटही ढिलं पडू शकतं. पातळ रबरी हातमोजा घालून वाजवलं तर थोडा फरक पडतो, हे आम्ही घरी पाहिलंय.

बाबा सध्या तीन बोटांनी निभावून नेतात. ऐकणाऱ्याला कळत नाही, त्यांना कळतं. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत यंदा साथीला बसायला ते नाही म्हणाले. ते मला फार लागलं.

पेटी, तबला, सतार, काहीही वाजवणाऱ्या कुणी हे इंजेक्शन घेतलंय का? त्यानंतर तानेचा वेग परत आला का? बोटांना नव्याने वळण लावून देणारे, वादकांचे हात ओळखणारे फिजिओथेरपिस्ट सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात माहीत असतील तर कृपया कळवा. इंजेक्शनची तारीख अजून घेतलेली नाही, तुमचे अनुभव वाचून ठरवू.