मदत हवी आहे: एसएस ४३३ च्या झोतांमधील कोऱ्या जागेचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार. गरुड तारकासमूहातील एसएस ४३३ या मायक्रोक्वेसारवर (वायू ओढून घेत झोत फेकणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीवर) मराठीत लेख लिहीत आहे आणि एका मुद्द्यापाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

महाकाय तारा आणि त्याचा वायू ओढून घेणारे, बहुधा कृष्णविवर, अशा या जोडीतून परस्परविरुद्ध दिशांना दोन झोत प्रकाशाच्या सुमारे २६ टक्के वेगाने निघतात आणि भोवऱ्यासारखे डोलत १६२ दिवसांत एक फेरी पूर्ण करतात, इथपर्यंत अडचण नाही. केंद्राजवळच्या क्ष-किरणांच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषा दिसतात, तेव्हा तिथला प्रकाश तप्त वायूचा, हेही पटते. पुढे मात्र झोत दिसेनासे होतात आणि केंद्रापासून सुमारे २५ पार्सेकवर, म्हणजे ८० प्रकाशवर्षांवर, क्ष-किरणांत एकाएकी पुन्हा उजळतात. पाच पार्सेकला एक सेंटिमीटर असे प्रमाण धरून मी पूर्वेकडचा झोत आलेखाच्या कागदावर काढला, तर केंद्राचा ठिपका आणि पहिला उजळ भाग यांच्यामध्ये पाच सेंटिमीटर कागद कोराच राहिला.

नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उजळ भागाच्या आरंभी वर्णपट ३० केईव्हीपर्यंत (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) फारसा न ढळणारा आढळला (ऊर्जा वाढेल तसे फोटॉन किती झपाट्याने कमी होतात हे सांगणारा फोटॉन घातांक सुमारे १.६), बाहेर जावे तसा तो उतरत जातो, म्हणजे जास्त ऊर्जेचे फोटॉन घटत जातात. म्हणून इलेक्ट्रॉनांना गती तिथेच मिळते, असे सांगितले जाते. माझी शंका इथेच आहे. सिंक्रोट्रॉन प्रकाश, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा प्रकाश, इलेक्ट्रॉनांवर जितका, तितकाच चुंबकीय क्षेत्रावरही अवलंबून असतो. क्षेत्र १० मायक्रोगॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक, मायक्रोगॉस त्याचा दशलक्षांश) धरले, तर काही केईव्हीच्या क्ष-किरणांसाठी सुमारे १०० टीईव्हीचे (टीईव्ही म्हणजे एक अब्ज केईव्ही) इलेक्ट्रॉन लागतात आणि माझ्या वहीतल्या हिशोबाप्रमाणे त्यांची ऊर्जा संपायला हजाराहून अधिक वर्षे लागतात, तर झोताच्या वेगाने ८० प्रकाशवर्षे सव्वातीनशे वर्षांच्या आतच पार होतात. मग इलेक्ट्रॉन केंद्राजवळच वेगवान झाले, क्षीण क्षेत्रातून न चमकता पुढे गेले आणि २५ पार्सेकवर क्षेत्र दाबले गेल्यामुळे केवळ उजळले, असे का मानू नये?

प्रतिसाद: शंका रास्त आहे आणि एकट्या क्ष-किरणांवरून ती फिटणारही नाही. परंतु हेच इलेक्ट्रॉन विश्वात सर्वत्र पसरलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या फोटॉनांना धडकून गॅमा किरण निर्माण करतात आणि त्या प्रक्रियेला चुंबकीय क्षेत्र लागत नाही. आपले इलेक्ट्रॉन त्या पाच सेंटिमीटरांतून गुपचूप गेले असते, तर गॅमा किरणांत त्यांचा माग राहिला असता. नामिबियातील हेस दुर्बिणींच्या जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत १० टीईव्हीहून अधिक ऊर्जेचे गॅमा किरण नेमके बाहेरील झोतांच्या आरंभाशी सापडले, त्याहून कमी ऊर्जेचे किरण तिथून आणखी बाहेरपर्यंत पसरलेले दिसले आणि केंद्रातून मात्र काहीच सापडले नाही. शिवाय आपण १० मायक्रोगॉस हे मूल्य केंद्रापासूनच लागू केले आहे. ताऱ्याजवळ क्षेत्र आणि प्रकाश दोन्ही कितीतरी तीव्र असल्यामुळे १०० टीईव्हीचा इलेक्ट्रॉन तिथून पूर्ण ऊर्जेनिशी निसटणेच कठीण आहे.

मूळ प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. गॅमा किरणांना मी लेखात शेवटी जागा दिली होती, ती आता या मुद्द्याजवळ आणतो. एक उपप्रश्न उरतो. आयएक्सपीई उपग्रहाने क्ष-किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या कंपनांची दिशा, मोजले, त्यावरून पूर्वेकडील भागात चुंबकीय क्षेत्र झोताला समांतर असल्याचे निष्पन्न झाले. इलेक्ट्रॉनांना तिथे गती देते ती आघात तरंग (वेगवान वायू अडल्याने उठणारी दाबाची तीव्र लाट) असे सहसा मानले जाते; ती झोताला आडवी असेल, तर ती तिच्या पृष्ठाला समांतर असलेले क्षेत्र दाबून वाढवील, म्हणजेच ते झोताला आडवे दिसायला हवे. मग गती देणारी आघात तरंगच आहे, असे लेखात ठामपणे लिहावे की ‘संभाव्य’ हा शब्द जोडावा?