शाळेच्या गॅदरिंगले ‘मोगली’ दाखवाचा हाय, परवानगी कोणाची लागते?

पेंचकाठचा_मास्तर
नमस्कार मंडळी. आमची जिल्हा परिषदेची शाळा रामटेक तालुक्यात, पेंचच्या जंगलाले लागून. गॅदरिंगले पोट्ट्याइले जपानी ‘जंगल बुक’चे दोन भाग प्रोजेक्टरवर दाखवाचे हायेत. किपलिंगनं मोगली सिवनीच्या जंगलात वाढवला, म्हणजे आमच्या शेजारचाच तो. लहानपणी दूरदर्शनवर ही मालिका पाहाले अख्खा मोहल्ला एका टीव्हीपुढं बसे. गावातली पोरं म्हणतात, दहा रुपये तिकीट ठेवू, ग्रंथालयाले पैसे होतील. चालते का? अन् भिंतीवर मोगली, बल्लू रंगवले तर?

धानपट्टा
बिनधास्त दाखवा गुरुजी. किपलिंग १९३६ मध्ये वारले. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहते. केव्हाचेच संपले.

कोर्टाच्या_पायरीवर
धानपट्टा भाऊ, गोष्ट मोकळी झाली, मालिका नाही. ती निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ ची, ५२ भागांची. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचे हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं चालतात. म्हणजे १९८९ चे भाग २०४९ संपेपर्यंत बांधलेले. हिंदी गाण्याचे शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचं, त्याचे हक्क अजून वेगळे. एकाच वावरात जमीन एकाची, विहीर दुसऱ्याची असते ना, तसं.

पण गुरुजी, शाळेला वाट आहे. कलम ५२ प्रमाणे शाळेच्या उपक्रमात शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसं, एवढ्यांनाच चित्रपट दाखवला तर उल्लंघन होत नाही. शाळा व्यवस्थापन समिती त्यात आली. अख्खं गाव नाही. तिकीट तर ठेवूच नका. प्रत अधिकृत घ्या, कोणाच्या पेनड्राइव्हवरची नको.

भिंतीवर खुशाल रंगवा, फक्त या मालिकेतला चेहरा किंवा डिस्नेच्या १९६७ च्या सिनेमातलं अस्वल पाहून उतरवू नका.

तुरीची_शेंग
माझ्याकडं स्कूबी-डू कार्टूनची जुनी सीडी हाय. ते काढणारी मूळ कंपनी तर विकल्या गेली. मग मालक कोण?

कोर्टाच्या_पायरीवर
विकत घेणारा. स्कूबी-डू १९६९ चं, हॅना-बार्बेराचं. १९९१ मध्ये टर्नरनं ती कंपनी घेतली, १९९६ मध्ये टर्नरच टाइम वॉर्नरमध्ये गेली. सातबाऱ्यावर फेरफार चढत जातो तसंच हे, फक्त तलाठ्याकडं पाहायला मिळत नाही. शेवटच्या श्रेयनामावलीत कंपनीचं नाव वाचायचं आणि पुढं ती कोणी घेतली ते शोधत जायचं. सीडी तुमची, घरी पाहा. हक्क तिच्यासोबत येत नाहीत.

पेंचकाठचा_मास्तर
लय मोठं काम केलं साहेब. आता असं ठरलं: मालिका फक्त पोट्ट्याइले अन् मायबापाइले, फुकट, तेही अधिकृत प्रत भेटली तरच. गावासाठी मूळ गोष्टीवरून आम्हीच मराठीत नाटक लिहून बसवतो, तिकीट त्याले ठेवतो. भिंतीवरचा मोगली चित्रकलेतल्या पोरी स्वतः काढून राहिल्या, मोहाच्या झाडाखाली बसलेला. शेरखानच्या कामासाठी चौथीतले तिघं आत्तापासून अडून बसले हायेत.