पात्रांसाठी फाशांचा सोपा जुगार सांगा, बजेट ३०० रुपये

लातूरचा_डीएम: आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) गट चार जणांचा, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. रविवारी सगळी पात्रं एका सराईमध्ये मुक्कामाला उतरणार, आणि आमचा चोर आतापासूनच विचारतोय की तिथं जुगार चालतो का. पाच मिनिटांत समजेल असा डाव सांगा. पणाला लागतील ती पात्रांचीच चांदीची नाणी. घरात फाशांचा (चार ते वीस बाजूंचे) एकच संच आहे. काही घ्यावंच लागलं तर ३०० च्या आत.

परभणीचा_जादूगार: दादा, धातूचे फासे घ्या. मी १,९०० चे घेतले. हातात पडले की वजन कळतं.

मोंढ्यावरचा: धातूचे घेतले तर खाली सतरंजी टाका. भाच्यानं वीस बाजूंचा फासा काचेच्या टीपॉयवर असा आपटला की कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला. फाशाला काही नाही. वरून माझ्या संचात दहाच्या फाशावर ६ दोनदा आणि ९ गायब. दुकानदार बदलून देईना.

गोदाकाठची: सात वर, सात खाली. जत्रेत पाल टाकून हेच मांडतात. फासे दोन. २ ते ६ खाली, ८ ते १२ वर, जिंकलात तर दुप्पट परत. नेमक्या ७ वर लावलं तर लावलेलं परत आणि वर चौपट. शाळेत असताना यात दहा रुपये घालवले, मग घरी वहीवर मांडून बघितलं: ३६ पैकी १५ वेळा खाली, १५ वेळा वर, ६ वेळा सात. कुठंही लावा, सरासरी सहा नाण्यांमागं एक मांडणाऱ्याचं.

बीडचा_बैरागी: फासे आपल्याकडं जुनेच. वेरूळच्या २१ नंबरच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत.

औंढेकर: १४ नंबरमध्येही आहेत.

बीडचा_बैरागी: आहेत की. मी २१ मधलं सांगितलं.

आजीचा_नातू: चिंचोके घ्या. फरशीवर घासून दोन फाका करायच्या, चार अर्धुकं टाकायची, पांढऱ्या बाजू मोजायच्या. चारही पालथे पडले तर आठ. आमची आजी याच्यावर दुपार काढायची.

परभणीचा_जादूगार: त्यापेक्षा प्रत्येकाला पाच फासे, फुलपात्राखाली झाकून, आणि टेबलावर एकूण किती पाच पडलेत त्याची बोली. खोटं वाटलं तर उघडा. लई रंगतं.

मोंढ्यावरचा: चार जणांना वीस फासे लागतील. त्यांच्याकडं एक संच आहे.

गोदाकाठची: सात वर, सात खालीच घ्या. आणि चोराला हातचलाखी करू द्या. त्याची चाचणी मांडणाऱ्याच्या नजरेशी लावा, म्हणजे दोघांसाठी वीसचा फासा टाकून कुणाचा आकडा जास्त ते बघायचं. जमली तर एक फासा परत टाकायचा, पकडला गेला तर सराईत मारामारी. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात (डी अँड डीच्या नियमांचं पुस्तक) फाशांचा संच एका चांदीच्या नाण्याला मिळतो, म्हणजे कुठल्याही पात्राच्या झोळीत असू शकतो.

लातूरचा_डीएम: सगळ्यांचे आभार. ताई, हातचलाखी तुमची घेतो, डाव मात्र वेगळा. तुमच्यात मांडणारा जिंकत राहतो, मला पात्रं एकमेकांसमोर हवीत. प्रत्येकानं एक नाणं मध्ये टाकायचं. साधा सहाचा एकच फासा, हवा तितक्या वेळा टाकायचा आणि बेरीज करत जायची. १३ च्या सगळ्यात जवळ थांबेल त्याचं सगळं. १३ ओलांडले तर बाद, आणि दंडाचं आणखी एक नाणं. काल बायकोबरोबर खेळून बघितलं. ती १० वर थांबायला तयारच होईना, तीनदा बाद झाली, तरी "अजून एक डाव" म्हणत होती. फासे घेत नाही. ३०० चं सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहाचं सामान आणतो.