मदत हवी आहे: पणजोबांच्या पेटीतली तीन काडतुसं कोणत्या काळातली?

गावच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. पणजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला जाऊन आले. पेटीत एक पट्टा, दोन कोरी पोस्टकार्डं आणि ही तीन काडतुसं.

पहिली नुसती पुंगळी. जाड, बाटलीसारखी गळ्याशी निमुळती. अखंड पितळ नाही, पातळ पत्रा गुंडाळलेला; नख फिरवलं की पदर लागतो. बूड लोखंडी, गंजलेलं, अक्षर एकही नाही. लांबी ५९ मिमी, बुडाचा काठ १९.

दुसरीही रिकामी, पण बारीक. बुडावर आर आणि एल, मधे बाण, शिवाय सी आणि रोमन दोन. दोन म्हणजे १९०२ का?

तिसऱ्यात गोळी अजून आहे, टोकदार. छाप 'के', '१७' आणि रोमन सात. आईने चिंच लावून घासल्यामुळे लख्ख वाचता येतं. के म्हणजे खडकी, असं आजोबा सांगायचे. बरोबर ना?

खडकीकर:
चिंच लावून घासलंत! आधी तिसऱ्याचं बोलू. बुडाच्या मधल्या टोपीवर (ठिणगी पाडणाऱ्या) बंदुकीच्या टोच्याची खोच नसेल तर ते जिवंत आहे. शंभर वर्षं झाली म्हणून निर्धास्त राहू नका. परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात फोन करा; पिशवीत घालून स्वतः नेऊ नका आणि गोळी उपसायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका.

आता छाप. रोमन आकडा म्हणजे वर्ष नव्हे, मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक. .३०३ या ब्रिटिश रायफलच्या काडतुसाचा सातवा मार्क १९१०चा, टोकदार गोळी त्यातच आली. आधीच्या गोळ्या बोथट नाकाच्या. १७ म्हणजे १९१७. नुसता के मात्र बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीचा. आमच्या खडकीचा कारखाना १८६९चा, पण त्याचा छाप 'केएफ'. मलाही वाईट वाटलं.

दुसरी वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीची. बाण ही सरकारी मालाची खूण, सी म्हणजे कॉर्डाइट, बिनधुराची दारू. दुसरा मार्क १८९३चा, आणि वर्ष ठोकायला लागले १९०७पासून. म्हणजे तुमची या दोन सालांच्या मधली.

पहिली खरी गंमत. मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश बंदुकीची, माप .५७७/४५०. तिच्या आधीच्या स्नायडर बंदुकीची असती तर सरळ असती, गळा नसता. मार्टिनी १८७१ला आली, तेव्हा त्याआधीची नाही. हा गुंडाळलेला पत्रा कर्नल बॉक्सर यांच्या डोक्यातून निघालेला. बंदूक तापली की तो नळीत चिकटायचा. १८८५ला सुदानात अबू क्लीच्या लढाईत ऐन वेळी बंदुका अडकल्या. मग अखंड पितळेच्या पुंगळ्या आल्या. हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक असायची, त्यामुळे ही पेटीत कशी आली याचं मला फारसं नवल नाही.

धागाकर्ता:
टोपी गुळगुळीत आहे. ठाण्यात फोन केला, 'हात लावू नका, माणूस पाठवतो' म्हणाले. आजोबांच्या खडकीचं घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. लोखंडी बुडाला तेल लावू का?

खडकीकर:
फडक्याला शिलाई मशीनचं तेल घेऊन नुसतं पुसा, पत्र्याच्या पदरात जाऊ देऊ नका. आणि चिंच वर फडताळात ठेवा.