शेत, देव आणि घर: आपल्या घरातल्या शेतकऱ्याविषयी लिहूया

आमचे आबा गेल्या कार्तिकात गेले. घर आवरताना पडवीतल्या एकाच खुंटीला त्यांचे टाळ आणि बैलांच्या वेसणी सापडल्या. बैल विकून बारा वर्षं झाली, पण वेसणी त्यांनी टाकल्या नव्हत्या.

माढा तालुक्यात आमचं रब्बीचं रान. ज्वारीची रास झाली की मापाला आबाच बसायचे. पहिली पायली ओतताना 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन. माप कधी हाताने कापून सपाट केलं नाही, वर शीग राहू द्यायचे. "गळ्यात माळ हाय, माप मारता येत न्हाई," एवढंच सांगायचे. आजीला अर्धांगवायू झाल्यावर चार वर्षं तिची वेणी त्यांनी घातली. पहाटे, काकडा म्हणत म्हणत. सुनांना त्या वेणीला हात लावू दिला नाही.

भक्त शेतकरी म्हटलं की आपल्याला आषाढातली गर्दीच आठवते. मला त्या माणसाचं उरलेलं वर्ष वाचायचं आहे. तुमच्या घरी असं कुणी असेल तर लिहा, जसं आठवेल तसं.

*

मी परभणी जिल्ह्यातली सून. तुमच्याकडे मोठी पेरणी दसऱ्याच्या आगंमागं, त्यामुळे आषाढीला रान तसं मोकळं असतं. आमचं कापूस-सोयाबीन. ७ जूनच्या सुमाराला मृग लागतो, आणि दिंडी निघायची नि पेरायची वेळ एकमेकांवर येते.

२०२३ ला आषाढी २९ जूनला होती आणि मृग कोरडा गेला. मामा पिशवी भरून ओट्यावर बसलेले. सव्वीस वर्षांत वारी चुकलेली नाही, आणि घरात पेरणी राहिलेली. दोन दिवस जेवण धड नाही. तिसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही जावा. पेरायचं माझ्याकडं लागलं."

मामा गेल्यावर त्यांनी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडले आणि गुंडाळी करून माठाजवळ ठेवली. रोज पाणी शिंपडायचं काम माझं. गोणपाट उलगडलं तेव्हा अठ्ठ्याहत्तर मोड. सत्तरच्या वर असले की बियाणं चालतं. बियाण्याच्या पिशव्या विकत आणायचा खर्च तिथेच वाचला.

एकादशी होऊन गेल्यावर पाऊस आला. गावातल्या काहींनी पहिल्याच सरीवर पेरलं. मामांचा वाटेतून फोन, "ओल किती गेली?" आत्याबाईंनी खुरप्यानं उकरून बघितलं. "बोटभरच." "मग थांबा." पुढच्या पावसानंतर त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं आणि स्वतः यंत्रामागं चालत, दाणा किती खोल पडतो ते उकरून उकरून बघितलं.

मामा आले ते घरात न येता रानातच गेले. तासाला वाकून हात लावला, आणि पंढरपूरचा बुक्का पुडीतून काढून आधी आत्याबाईंच्या कपाळाला लावला. आमच्यात सासरे असं चारचौघांत करत नाहीत. ती वारी मी तरी दोघांची मोजते.

*

२०२० ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पायी वारी झालीच नाही. माझे वडील रोज पहाटे टाळ घेऊन आमच्या बांधावरून चालायचे. आईनं विचारलं तर म्हणाले, "पाय ऐकत न्हाईत." एकादशीपर्यंत बांधावर पायवाट पडली होती.

*

लातूरकडून लिहितोय. आमच्याकडे मार्गशीर्ष अमावस्येला वेळा अमावस्या, म्हणजे येळवस. रानात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, चुना लावून. बाया आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन येतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आणि येईल त्याला जेवू घालायचं. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं रानात.

आमच्या तात्यांचा आणि थोरल्या चुलत्यांचा बांधावरून वाद. बोलणं बंद. पण येळवशीला तात्या खोप नेमकी वादातल्या बांधाला लागून घालायचे, तोंड चुलत्यांच्या रानाकडं. पूजा झाली की मला पिटाळायचे, "मोठ्या बापूला म्हणावं, आंबील गार व्हायलीय." चुलते यायचे. दोघं न बोलता जेवायचे, आंबिलाचा गडवा एकच. दावा आजही तारखांवर आहे आणि खोप आजही तिथेच पडते.

*

मला जरा वेगळं सांगायचं आहे. आमच्या अण्णांनी एका वर्षी हरिनाम सप्ताहाची एक पंगत अंगावर घेतली आणि माझी अकरावीची फी राहिली. मैत्रिणीच्या आईनं भरली. तो राग माझ्यातून अजून गेलेला नाही, आणि तो काढून टाकावा असंही मला वाटत नाही.

पण त्याच सप्ताहात अण्णांनी वीणेला हात लावून शपथ घेतली होती, की लेकीला हुंडा देणार नाही आणि सुनेचा घेणार नाही. माझी तीन स्थळं त्यावर मोडली. भाऊबंद समजावून थकले, आजी रडली. अण्णा हलले नाहीत. चौथं स्थळ आलं ते माझं सासर. दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या आहेत म्हणून दोन्ही लिहिल्या.

*

आम्ही वसईचे ख्रिस्ती शेतकरी. इथे वारी नाही, पण वाचताना वडीलच दिसले. ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या असतात. वडील आदल्या संध्याकाळी लोंब्या कापायचे आणि रात्रभर घरच्या वेदीपुढे ठेवायचे. त्याआधी नव्या भाताचा दाणा आमच्या घरात कुणी तोंडात टाकला नाही. आता भाताचं रान उरलेलं नाही. बावखलाकाठची, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याकाठची, केळी तेवढी आहेत. वडिलांनी शेवटच्या हंगामातली एक पेंढी सुतळीने बांधून वेदीमागे ठेवली आहे. आई दर शनिवारी तिच्यावरची धूळ फुंकरीने उडवते, फडकं लावत नाही, दाणे गळतील म्हणून.

*

माढ्याचं नाव वाचून लिहावंसं वाटलं, कारण त्याच तालुक्यात अरण आहे, सावता महाराजांचं. ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आमचे नाना त्यांचंच नाव घेतात. माझा धाकटा काका जन्मापासून अंथरुणाला. त्याला कुशीवर वळवायला दर दोन-तीन तासांनी माणूस लागतं, आणि त्याला नानांचाच हात चालतो. म्हणून नाना पंढरपूरला कधीच गेले नाहीत. तुळशीला पाणी, संध्याकाळी हरिपाठ, तोही काकाच्या खाटेशी बसून. काकाला शब्द बोलता येत नाहीत, पण टाळीचा ठेका त्याचा चुकत नाही.

बियाण्यासाठी आढ्याला टांगलेल्या ज्वारीतलं एक कणीस नाना दर आषाढीला गावच्या दिंडीबरोबर पाठवायचे. यंदा ते मी नेलं. गर्दीत जपून, सदऱ्याच्या आतल्या खिशात. नामदेव पायरीशी ठेवलं, डोकं टेकलं आणि बाजूला येऊन नानांना फोन लावला. "पोचलं," म्हटलं. पलीकडे बराच वेळ काही नाही, मग काकाच्या टाळीचा आवाज. "ऐकलंस का?" नाना म्हणाले. "त्यालाबी कळलं. आता निघ, सांजच्याला धारा काढायच्यात."