उ: शकांची नुसती वजाबाकी नको
शिवाजी महाराज किती वर्षं जगले हे सांगताना तुम्ही निधनाच्या शके १६०२ मधून जन्माचं शके १५५१ वजा करून ५१ वर्षं काढलीत. वजाबाकी बरोबर आहे, उत्तर मात्र चुकलंय. जन्म फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे शके १५५१ अगदी सरत आलेलं. निधन चैत्री पौर्णिमेला, म्हणजे शके १६०२ लागून जेमतेम पंधरा दिवस झालेले. दोन्ही टोकांची वर्षं जवळपास रिकामीच, आणि तुम्ही त्यातून अख्खं एक जास्तीचं वर्ष काढलंत! इंग्रजी तारखा घेऊन बघा: १९ फेब्रुवारी १६३० ते ३ एप्रिल १६८०. पन्नास वर्षं आणि वर साधारण दीड महिना.

शकाचा इसवी सन करतानाही हीच गोम आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारी लागला की फाल्गुन संपेपर्यंत ७९. सरसकट ७८ मिळवले तर महाराजांचा जन्म १६२९ मध्ये जाऊन पडतो.

राज्याभिषेकाच्या ३५० वर्षांचं म्हणाल तर राज्याभिषेक जून १६७४ चा. त्यामुळे जून २०२३ मध्ये ३५० वं वर्ष लागलं, ३५० वर्षं पूर्ण झाली ती जून २०२४ मध्ये. बॅनरवाल्यांना अर्थात दोन्ही चालतं.