गच्ची गळतेय: कोबा, मेम्ब्रेन की कोटिंग? (कोल्हापूर)

तिसरा_मजला:
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत तीन मजली अपार्टमेंट, वीसेक वर्षं जुनं. सगळ्यात वर आमचा फ्लॅट. गच्चीवर विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) आणि त्यावर चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी आहे. यंदा जुलैत हॉलच्या छताला ओल आली आणि आता तुळईजवळ गिलाव्याचे पोपडे सुटतायत. तीन ठेकेदारांनी पाहिलं. एक म्हणतो आहे त्यावरच कोटिंग मारू, दुसरा डांबरी मेम्ब्रेन (डांबराची शीट) टाकू म्हणतो, तिसऱ्याला सगळा कोबा फोडायचाय. शिवाय खालचे म्हणतात, "गळतंय तुमच्याकडं, खर्च तुम्ही करा." काय करावं?

पेठेतला_पंटर:
भावा, पत्र्याचं शेड ठोक. विषय संपला.

साइटवरचा:
शेड वाईट नाही, पण महापालिकेची परवानगी लागते. आणि आपल्याकडचा पाऊस सरळ पडतो होय? तिरका आला की कठड्यातून आत शिरतोच.

ठेकेदार तिघंही आपापला माल विकतायत. आधी पाणी येतंय कुठनं ते बघा. ओल एप्रिल-मेमध्येही टिकत असेल तर पावसाला दोष देऊ नका. टाकीची लाइन नाहीतर ओव्हरफ्लो तपासा. ओल फक्त पावसाळ्यात असेल तर गच्चीचे भाग पाडा, विटा-सिमेंटचा बुटका बांध घालून एकेका भागात दोन इंच पाणी 48 तास ठेवा आणि खाली लक्ष ठेवा. सगळी गच्ची एकदम भरू नका. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो, आणि तुमची तुळई आधीच पोपडे टाकतेय.

मग मोझॅकवर हातोडीच्या दांड्यानं ठोकत फिरा. जिथं पोकळ, बद्द आवाज येईल तिथं कोबा स्लॅबपासून सुटलाय. असे दोन-चारच तुकडे असतील तर तेवढेच उकरून भरा, भेगा आणि टाइल्सचे सांधे पॉलिमर मॉर्टरनं बुजवा, टाइलचा गुळगुळीतपणा घासून काढा आणि वर सिमेंट-ॲक्रिलिकचं दोन घटकांचं कोटिंग घ्या, मध्ये फायबरची जाळी टाकून. न घासता मारलेलं कोटिंग पापडासारखं सुटतं.

निम्मी गच्ची पोकळ वाजली तर मात्र कोबा काढाच. विटांचे तुकडे पाणी धरून बसतात. वरून कोटिंग किंवा मेम्ब्रेनने तोंड बंद केलं की उन्हात त्याची वाफ होते आणि फुगे येतात. आणि जुन्यावर नवा कोबा तर मुळीच घालू नका. चार इंचाचा कोबा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास जातो, म्हणजे हजार चौरस फुटांवर अठरा टन! काढलात तर तेवढंच ओझं उतरेल.

तिसरा_मजला:
काढल्यावर मग पुन्हा कोबाच की मेम्ब्रेन?

साइटवरचा:
स्लॅब उघडा झाला की आधी तो दुरुस्त करा. भेगा, मधमाशीच्या पोळ्यासारखे पोकळ भाग, गंजलेली सळई, सगळं. मी तुमच्या जागी असतो तर स्लॅबवर सिमेंटचं कोटिंग, त्यावर हलका उतार (दहा फुटाला सव्वा इंच तरी) आणि वर पांढरं कोटिंग घेतलं असतं. पांढऱ्यानं खालची खोलीही कमी तापते. उघड्या गच्चीवर नुसतं काळं मेम्ब्रेन मला पटत नाही. ऊन डांबराला खातं, म्हणून वर संरक्षक थर लागतो. पापड-कुरडया वाळवायला माणसं फिरणार, ते वेगळंच. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग चांगलं, पण पृष्ठभाग खडखडीत कोरडा लागतो.

काहीही निवडा, गच्ची गळते ती बहुतेक कडांना. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्याला गोल वाटा (मसाल्याची गोलाई) आणि कोटिंग कठड्यावर सहा इंच तरी चढवलेलं, हे करारात लिहून घ्या. पावसाच्या पाइपाचं तोंड स्वतः उभं राहून करून घ्या.

शाहूपुरी_काकू:
खर्चाचं मी सांगते. गच्ची सामाईक असेल तर खर्च सगळ्यांचा. सोसायटी असेल तर उपविधी काढा, पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीकडंच येते. 1970 च्या अपार्टमेंट कायद्यात असाल तर डीड ऑफ डिक्लरेशन (इमारतीचा घोषणापत्राचा दस्त) वाचा. तोंडी भांडू नका हो, मीटिंगमध्ये ठराव घ्या.

पेठेतला_पंटर:
आणि कोबा मार्चच्या आत फोडून बुजवा भावा. वळीव सांगून येत नाही, उघड्या स्लॅबवर एक सर पडली तर हॉलमध्ये रंकाळा.

तिसरा_मजला:
रविवारी हातोडी घेऊन वर जातो. काकू, ठरावाचा नमुना असेल तर टाका.